इंग्रजी शिकली म्हणजे बाटली?

आज आम्ही तुम्हाला दीडशे वर्षांमागं घेऊन जाणार आहोत. पण आधी जरा आजचंच बोलू.

बचत गटाच्या बैठकीत एखादी सून फोनवर इंग्रजीत दोन वाक्यं बोलली की बाकीच्या एकमेकींकडं बघतात. शिष्ट आहे, घरात टिकायची नाही, असं न बोलताच ठरून जातं. कुणाची मुलगी जर्मन नाहीतर जपानी शिकते म्हटलं, की ती आता परदेशातच राहणार, म्हातारपणी आईबापाला बघणार नाही. उर्दू शिकते म्हटलं तर विचारूच नका. मुलगी कशी आहे, काय शिकते, कशासाठी शिकते, हे कुणी विचारत नाही. भाषेचं नाव ऐकलं की माणसाचा स्वभाव ठरला.

ही खोड नवी नाही. आपल्या आज्यांच्या आज्यांनी ती सोसली आहे, आणि खरं सांगायचं तर काहींनी ती दुसऱ्यांवर चालवलीही आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचं राज्य आलं. त्यांच्या मागोमाग मिशनरी शाळा आल्या. तिथं इंग्रजी शिकायला मिळायचं, बायबलही शिकवायचे. त्या शाळांत गेलेली काही मुलं खरोखर ख्रिस्ती झाली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून तर प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा लोकांची भीती अगदीच हवेतली होती असं आम्ही म्हणणार नाही. पोटचं पोर घरातून जातं की काय, ही धास्ती आईबापाला असणारच.

पण पुढं काय झालं बघा. हळूहळू सरकारी नोकरीला इंग्रजी लागू लागलं. मामलेदार, मुन्सफ, वकील व्हायचं तर इंग्रजी हवं. मग मुलग्यांच्या बाबतीत ती भीती विरत गेली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर इंग्रजी विद्येला वाघिणीचं दूध म्हटलं. १८८० साली त्यांनी आणि टिळकांनी पुण्यात शाळा काढली, तिचं नावच न्यू इंग्लिश स्कूल. हेच दूध मुलीच्या ओठाला लागणार म्हटल्यावर मात्र ते नासलं. मुलगा इंग्रजी शिकला तर शूर, मुलगी शिकली तर बाटली. भाषा तीच, पुस्तकंही तीच.

रमाबाई रानड्यांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी आधी मराठी शिकवलं, मग नाशिकला बदली झाल्यावर इंग्रजी. पुढं पुण्यात आल्यावर मिस हर्फर्ड नावाच्या मडमेची शिकवणी लावली. आणि घरात वादळ उठलं. रानड्यांच्या घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. त्यांचं म्हणणं, मडमेला शिवलीस, आता अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही. विचार करा, रोज धडा झाला की अंघोळ, आणि ती उरकून स्वयंपाकघरात कामाला. पाटीवर इंग्रजी गिरवायची तर त्याची एवढी किंमत.

१८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावं म्हणून सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचून दाखवलं. बाहेर कौतुक झालं. घरी मात्र बोलणी खावी लागली, की इतक्या पुरुषांपुढं उभं राहून बाईमाणसानं इंग्रजी वाचायचं म्हणजे लाज सोडली.

आम्हाला इथं थोडं थांबावंसं वाटतं. बोलणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. पण त्या दुष्ट होत्या असं आम्हाला वाटत नाही. त्यांचं सगळं आयुष्य चूल, सोवळं आणि सणवार यांत गेलं होतं. घरातला त्यांचा मान याच गोष्टींवर उभा होता. धाकटी सून वेगळ्याच पुस्तकातलं काही शिकू लागली तर उद्या आपलं कोण ऐकणार, ही भीती त्यांच्या बोलण्यामागं असणार. आपल्या घरांतही टोमणा बऱ्याचदा तिथूनच येतो.

त्याच सभेतून पुण्याचं मुलींचं हायस्कूल उभं राहिलं, तेच आपलं हुजूरपागा. ते सुरू झालं तसा आरडाओरडा वाढला. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘तरुणी शिक्षण नाटिका’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात शिकलेल्या बायकांची टर उडवली होती. टिळकांनीही आपल्या पत्रांतून या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल असं शिकवा, एवढं इंग्रजी कशाला, असा त्यांचा सूर होता. टिळकांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण इथं ते चुकले असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी, १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, हट्टानं शिकवलं. तो हट्ट पुष्कळदा जाचाचाच होता. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. बायकांचा डॉक्टर बाईच व्हायला हवी, हे तिनं तिथून मनात धरलं. मुंबईत मिशनच्या शाळेत पायी जायची तेव्हा रस्त्यातली माणसं खिडक्यांतून डोकावून हसायची, नको ते बोलायची. पुस्तक हातात घेऊन एकटी चालणारी बाई म्हणजे एक तर बाटलेली नाहीतर वाया गेलेली.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं) तिनं सभेत इंग्रजीतून भाषण केलं. अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर जात बाहेर टाकेल त्याचं काय, असे लोकांचे प्रश्न तिनं स्वतःच घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं. मी पोशाख बदलणार नाही, खाणं बदलणार नाही, हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिनं सांगितलं. बहिष्कार घालायचाच असेल तर आत्ताच घाला, असंही म्हणाली. वय तेव्हा अठराही पुरतं नव्हतं. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही मिळाली, पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. साडीतच वावरलेली, शाकाहारी, आणि अखेरपर्यंत हिंदू.

तिच्या पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. या दोघींना शेजारी उभं करून बघा. पंडिता रमाबाई संस्कृतात पारंगत. कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं होतं. लोकांच्या हिशेबानं संस्कृत शिकलेली बाई धर्मात सगळ्यात पक्की असायला हवी. पण १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, आणि संस्कृत शास्त्रांत बाईबद्दल जे वाचलं त्याचाही त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. इंग्रजीत डॉक्टर झालेली आनंदी मात्र आपल्या धर्मात राहिली. दोघींनी आपापल्या बुद्धीनं ठरवलं. कुठली भाषा शिकली यावरून कुणाला आधी सांगता आलं असतं का?

रखमाबाईंचा खटला तर घरोघरी गाजला. सुतार समाजातली ही मुंबईची मुलगी. लहानपणी, अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी कोर्टात गेला. १८८५ साली निकाल तिच्या बाजूनं लागला, पण १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिनं तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. या सगळ्यात पुष्कळांनी बोट दाखवलं ते इंग्रजी शिक्षणाकडं: बघा, बाईला इंग्रजी शिकवलं की ती नवरा टाकते. गंमत अशी की लग्नानंतर तिची शाळाच सुटली होती. इंग्रजी ती घरी बसून शिकली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या आधारानं. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आपलं नाव न घालता, एक हिंदू स्त्री म्हणून तिनं बालविवाहाबद्दल पत्रं लिहिली, ती याच इंग्रजीत. आपलं दुःख तिला लग्नानं दिलं होतं. इंग्रजीनं ते सरकारच्या कानावर घालता आलं, एवढंच. पुढं ती लंडनला डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत कित्येक वर्षं राबली. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा तिनं विधवेची पांढरी साडी नेसली. तिनं तसं का केलं असेल यावर तुम्ही गटात बोला. आमच्यात दोन मतं पडली आहेत.

एक राहिलं. हे सगळं सांगताना उच्चवर्णीय घरांचीच गोष्ट होऊ नये. सावित्रीबाई फुल्यांच्या ‘काव्यफुले’ या १८५४ सालच्या संग्रहात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. ज्यांना संस्कृतच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं, त्या शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजीनं धर्म बुडेल ही भीती घालण्यात अर्थच नव्हता. त्यांच्यासाठी ती बंद वाड्याबाहेरची वाट होती. सदाशिव पेठेत जी भाषा बाटवणारी, ती महारवाड्यात, मांगवाड्यात माऊली ठरली.

आणि रमाबाई रानडे? रोजच्या अंघोळी सोसून इंग्रजी शिकलेल्या या बाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या त्या मराठीत. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघालं, गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. पुण्याच्या सेवासदनात त्यांनी विधवांना आणि टाकलेल्या बायकांना शिकवलं, नर्सचं काम शिकायला पाठवलं. नर्सचं काम तेव्हा हलकं मानायचे. त्या मुलींनाही नावं ठेवली गेली, पण त्या शिकल्या आणि पगार घरी आणू लागल्या.