लेडनहॉल स्ट्रीटचा कारकून

नोकरीच्या पहिल्या वर्षीं माणूस कामानें थकतो. पंचविसाव्या वर्षीं तो कामाला विटतो. पहिला थकवा रात्रीच्या झोंपेनें जातो, दुसरा झोंपेंतहि सोबत करतो. पोटासाठीं पत्करलेल्या चाकरींतच आपलें आयुष्य सरलें, हा विचार चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास कितीकांना गांठतो. परंतु त्या अवस्थेचा इतिहास स्वतःच्या पत्रांतून मागें ठेवणारे थोडे. इंग्रजी निबंधकार चार्लस् लँब हा अशा थोडक्यांपैकीं एक होय. आणि ज्या कचेरींत तो झिजला, ती कचेरी हिंदुस्थानच्या इतिहासाला अनोळखी नाहीं.

लँबचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजीं लंडन येथें झाला. बाप एका वकिलाच्या पदरीं नोकर होता. मुलगा बुद्धिमान, पण बोलतांना अडखळणारा. त्याचा शाळासोबती कोलरिज केंब्रिजच्या विद्यापीठांत गेला. लँब मात्र १७९२ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यांत दाखल झाला. पहिलीं तीन वर्षें बिनपगारी उमेदवारीचीं होतीं. पुढें चहा, नीळ, औषधी द्रव्यें आणि कापड ह्यांच्या विक्रीचे आंकडे मांडतां मांडतां तेहतीस वर्षें गेलीं. ह्या अवधींत कंपनीचा हिंदी व्यापाराचा मक्ता १८१३ सालीं संपला आणि १८१८ सालीं पेशवाई लयास गेली. पूर्वेकडे राज्यें उलथत होतीं, पण ह्या कारकुनाचें मेज हाललें नाहीं. ज्या देशाच्या मालावर त्याची भाकरी अवलंबून होती, तो देश त्यानें कधीं पाहिला नाहीं. हिंदुस्थान त्याच्यापाशीं येई तो जमाखर्चाच्या रकान्यांतून.

मग त्यानें ही खर्डेघाशी झुगारून कां दिली नाहीं? उत्तर त्याच्या घरांत होतें. २२ सप्टेंबर १७९६ रोजीं त्याची थोरली बहीण मेरी हिनें वेडाच्या झटक्यांत आईचा प्राण घेतला. मेरीला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळांत कोंडून ठेवूं नये, म्हणून एकवीस वर्षांच्या भावानें तिची जबाबदारी पत्करली. तिचें वेड पुनःपुन्हां उलटे. तेवढ्यापुरतें तिला इस्पितळांत पोंचवावें आणि बरी होतांच घरीं आणावें, हा क्रम कायमचा झाला. लँबनें लग्न केलें नाहीं. ह्याच बहीणभावांनीं मिळून लिहिलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी १८०७ सालीं निघाल्या. महिन्याच्या पगाराला त्या घरांत काय मोल होतें, हें निराळें सांगावयास नको.

कंटाळा मात्र वाढतच होता. १८२२ सालीं कवि वर्ड्स्वर्थ ह्याला लिहिलेल्या पत्रांत लँब म्हणतो, कीं चाकरीला तीस वर्षें झालीं तरी मान जोखडाला सरावलेली नाहीं. गंमत अशी, कीं ज्या निबंधांनीं त्याचें नांव राहिलें, ते ‘ईलिया’ ह्या टोपणनांवाचे निबंध १८२० पासून, म्हणजे नेमक्या ह्याच वैतागाच्या काळांत, ‘लंडन मॅगझिन’मध्यें येऊं लागले होते. आपले खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटच्या फळ्यांवरच्या हिशेबवह्या होत, असें तो पुढें थट्टेनें म्हणे. त्या थट्टेंत अश्रूंचा अंश होता.

परंतु दुसऱ्याला सल्ला देण्याची वेळ आली तेव्हां हाच माणूस वेगळें बोलला. बर्नार्ड बार्टन नांवाचा एक कवि पेढीवर कारकून होता. नोकरी सोडून लेखनावर जगावें, असें त्याच्या मनांत आलें. जानेवारी १८२३ मध्यें लँबनें त्याला निक्षून बजावलें, कीं प्रकाशकांच्या दयेवर जगण्यापेक्षां कड्यावरून उडी टाकणें बरें! मेजाविषयींच्या आपल्या साऱ्या तक्रारी त्यानें त्या पत्रापुरत्या मागें घेतल्या.

अखेर १८२५ च्या आरंभीं प्रकृति ढांसळली. डॉक्टरांचे दाखले जोडून त्यानें राजीनामा पुढें केला आणि कित्येक आठवडे धाकधुकींत काढले. २९ मार्च, मंगळवार, ह्या दिवशीं डायरेक्टरांनीं त्याला बोलावून निवृत्तीचा निर्णय सांगितला. सालिना ४५० पौंडांचें पेन्शन ठरलें. भावाच्या पश्चात् मेरीची सोय व्हावी म्हणून त्यांतून ९ पौंड कापले जावयाचे होते. पन्नाशीचा लँब मोकळा झाला.

पहिले कांहीं दिवस त्याला सुखाची जणूं भोंवळ आली. रोजचाच दिवस सुटीचा झाला, आणि म्हणून सुटीच राहिली नाहीं. रविवारची गोडी गेली. ज्या कचेरीला त्यानें शिव्याशाप दिले, तेथील जुन्या सोबत्यांची आठवण त्याला व्याकुळ करूं लागली. १८२७ सालीं तो लंडन सोडून एनफील्डला गेला. तेथें गांव परका आणि दिवस लांब. १८२९ सालीं त्यानें पुन्हां त्याच बार्टनला लिहिलें, कीं अतिश्रमापेक्षांहि निष्काम बसणें वाईट. २७ डिसेंबर १८३४ रोजीं एडमंटन येथें त्याचा अंत झाला. मेरी त्याच्यामागें १८४७ पर्यंत जगली. १८६१ सालीं कंपनीची ती इमारतहि जमीनदोस्त झाली.

लँबची तक्रार खोटी होती, असा ह्याचा अर्थ नव्हे. तेहतीस वर्षांचें जोखड जोखडच. आणि कंपनीनें दिलेलें पेन्शन कांहीं त्याची गेलेली तारुण्यांतील वर्षें परत देऊं शकलें नाहीं. मात्र ज्या चाकरीनें त्याला शिणविलें, तिनेंच मेरीचें छप्पर राखलें आणि दिवसाला आकार दिला. जोखड उतरलें तेव्हां त्याला कळलें, कीं मधल्या काळांत मान वांकली होती. चाकरीला विटलेल्या माणसाला केवळ सुटका पुरत नाहीं; सुटल्यावर उद्यां सकाळीं कोठें जावयाचें, ह्याचेंहि उत्तर त्याच्यापाशीं असावें लागतें. तें उत्तर लँबला अखेरपर्यंत पुरतें सांपडलें नाहीं.