बक्कल नंबर : परभणीच्या शिपायाच्या कमरेवरचा इतिहास

१) परभणी जिल्ह्यातील पोलिसांच्या कागदपत्रांत शिपायाच्या नावापुढे ‘ब. नं.’ आणि एक आकडा आढळतो. ब. नं. म्हणजे बक्कल नंबर. एकेकाळी हा आकडा पट्ट्याच्या पितळी बक्कलावर असे. आज शिपायाची ओळख छातीवरील नावाच्या पट्टीने होते, परंतु कागदावर बक्कल टिकून आहे. जुन्या संग्रहात एखादे पोलिसी बक्कल आढळले, तर ते वाचावे कसे, हे सांगणारा हा धागा.

२) पोलिसाच्या अंगावर क्रमांक का? १८२९ मध्ये लंडनचे महानगर पोलीस दल उभे राहिले, तेव्हा शिपायांच्या गळपट्टीवर विभागाचे अक्षर व क्रमांक घालण्यात आला. गणवेशात सारेच सारखे दिसतात. कोणी जुलूम केला, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? क्रमांक हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. वरिष्ठांना हजेरीसाठी तो सोयीचा होताच, पण नागरिकालाही तो उपयोगी होता.

३) ब्रिटिश हिंदुस्थानात १८६१ च्या पोलीस कायद्याने नोकरी सुटताच सनद, कपडे व इतर सरंजाम परत करणे बंधनकारक केले. दंडविधानाच्या कलम १७१ ने लोकसेवकाचा वेश किंवा खूण फसवणुकीच्या हेतूने धारण करणे गुन्हा ठरवले. बक्कल ही शिपायाची मालमत्ता नव्हती, ती सरकारची अमानत होती. अशा वस्तू घराघरांत सहसा का सापडत नाहीत, याचे एक कारण येथे आहे.

४) परभणीची कथा मात्र वेगळी आहे. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश मुलखातील पोलीस कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. पहिल्या सालारजंगांच्या काळात संस्थानात जिल्हाबंदी झाली आणि जिल्हा पोलिसांची घडी बसू लागली. ठाण्याच्या अधिकाऱ्याला ‘अमीन’ म्हणत, जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला ‘मोहतमीम’. मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात ‘अमीनसाहेब’ हा शब्द पुढेही अनेक वर्षे राहिला.

५) म्हणून बक्कलावर प्रथम लिपी पाहावी. १८८० च्या दशकात संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. उर्दू अक्षरे निजामी कारभाराकडे बोट दाखवतात. वर्ष कोरलेले असल्यास ते फसली असू शकते. त्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३४८ म्हणजे साधारण १९३८-३९.

६) दुसरी सावधगिरी हिंगोलीची. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि १९०३ पर्यंत तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या परिसरात सापडलेली प्रत्येक जुनी पितळी पट्टी पोलिसाचीच असेल असे नाही. ती लष्करी पट्ट्याचीही असू शकते.

७) १९४७-४८ मध्ये खाकी रंगाचा अर्थच डळमळला. कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारही खाकी वेश घालत. संस्थानाचे पोलीस कोणते आणि खासगी सेनेचे लोक कोणते, हा गावकऱ्यांच्या जिवाशी निगडित प्रश्न होता. जेव्हा दोघे एकाच बाजूने चाल करून येत, तेव्हा कमरेवरची सरकारी खूण रयतेला कसलाच दिलासा देऊ शकत नसे. चिन्हाचे मोल त्यामागच्या कायद्याइतकेच असते.

८) १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. ही कारवाई लष्कराची होती, तरी तिला नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’. दिल्लीच्या दृष्टीने हा दोन राष्ट्रांमधील संघर्ष नव्हता, अंतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न होता. ‘पोलीस’ या शब्दाने तो दावा नेमका मांडला.

९) आता १९४० मध्ये परभणीत भरती झालेला आणि वीस वर्षे तेथेच राहिलेला शिपाई कल्पावा. त्याने आधी निजामाची चाकरी केली. मग लष्करी राज्यपाल जयंतनाथ चौधुरी यांचा अंमल आला. २६ जानेवारी १९५० पासून अशोकस्तंभाची राजमुद्रा आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ठाणे न बदलताही त्याचे सरकार पुन्हा पुन्हा बदलले. म्हणून ‘जुना पोलीस बिल्ला’ एवढीच चिठ्ठी संग्रहात पुरेशी नाही. लिपी, राज्याचे नाव आणि मुद्रा नोंदवली, तरच कालखंड ठरतो.

१०) आकड्याबाबतही घाई नको. बक्कल नंबर घटकनिहाय असतो. दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली की तो बदलतो. एकच आकडा परभणीत एकाचा, तर नांदेडात दुसऱ्याचा असू शकतो. जिल्ह्याचे नाव नसेल, तर केवळ आकड्यावरून माणूस शोधता येत नाही.

११) सापडलेले बक्कल ब्रासोने चकचकीत करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक घासणीबरोबर उथळ कोरीव अक्षरे झिजतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि वस्तू कोणत्या गावी, कोणाकडून आली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

१२) १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, अटक करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर नाव व हुद्द्याची स्पष्ट, ठळक ओळख असली पाहिजे. तो खटला कोठडीतील मृत्यूंविषयी होता. सत्ता वापरणारा माणूस निनावी राहता कामा नये, हे तत्त्व त्या आदेशाच्या मुळाशी आहे. पितळी बक्कलावरचा आकडा शतकापूर्वी त्याच कामासाठी होता. संग्रहातील बक्कल पाहताना त्यावर कोणत्या राज्याचे नाव आहे हे वाचावे. आणि तो आकडा पाहून त्या काळी कोणी तक्रार केली असती, तर ती ऐकणारे कोणी होते का, हेही विचारावे.