विकत घेतलेल्या यंत्राचा धनी कोण?

अमेरिकेंत १९०८ सालीं फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार निघाली, तेव्हां शेतकऱ्यानें तिला केवळ वाहन मानलें नाहीं. मागचें चाक उचलून त्यावर पट्टा चढवावा आणि लांकडें कापावींत, हा प्रकार खेडोपाडीं सर्रास चाले. त्यासाठीं कुणाची परवानगी लागते, ही कल्पनाच कोणाच्या मनास शिवली नाहीं. पैसे मोजले, यंत्र घरीं आलें. पुढें तें मोडा वा जोडा.

या सरळ व्यवहारांत पाचर बसली ती १९९८ सालीं, आणि तीही भलत्याच वाटेनें. चित्रपट व गाणीं यांच्या चोरट्या प्रती निघूं नयेत म्हणून अमेरिकेनें कायदा केला आणि ग्रंथस्वामित्वाच्या रक्षणार्थ घातलेलें सांकेतिक कुलूप तोडणें बेकायदा ठरविलें. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ट्रॅक्टर खास नव्हता. परंतु इंजिनाचा कारभार हळूहळू संगणकाकडे गेला, आणि त्यांतील सॉफ्टवेअर तर कायद्याच्या लेखीं पुस्तकासारखेंच. लोखंड शेतकऱ्याचें आणि बुद्धि कारखानदाराची, अशी विचित्र वांटणी झाली. पीक कापणीस आलेलें असावें, यंत्र अडावें, आणि कंपनीचा माणूस संगणक घेऊन येईपर्यंत धन्यानें आभाळाकडे पाहत बसावें!

२०१५ सालीं जॉन डिअर या कंपनीनें सरकारास लेखी कळविलें कीं, मालकास मिळतो तो वाहन टिकेल तोंवर तें चालविण्याचा गर्भित परवाना. या तंट्याचा निवाडा काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे होता. याचें नवल वाटेल. पण ग्रंथस्वामित्वाची कचेरी त्याच्याच हाताखालीं आहे. मालकांच्या हातीं सॉफ्टवेअर गेल्यास धूर वाढेल, या भीतीनें पर्यावरण-संरक्षण खात्यानें सवलतीस विरोध केला. आणि त्याच सप्टेंबरांत उघडकीस आलें कीं, फोक्सवागेन कंपनीनेंच तेथील सुमारें ५ लाख डिझेल मोटारींत तपासणीपुरता धूर कमी करणारें सॉफ्टवेअर घातलें होतें. कुलुपाआडचा चोर मालक नव्हता!

ऑक्टोबरांत सवलत मिळाली, अंमल मात्र वर्षभर लांबला. शिवाय कुलूप मालकानें स्वतः उघडावें, एवढीच ती मुभा. भाडोत्री कारागिराकडून तें काम करून घेण्याची सोय २०१८ सालीं झाली. कुलूप उघडण्याचीं साधनें विकण्याची बंदी तशीच राहिली. कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं कायदा करून शेतीयंत्रांच्या कारखानदारांस दुरुस्तीचीं साधनें व माहिती मालकांस देण्याचें बंधन घातलें. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्यें संघराज्याच्या व्यापार-आयोगानें इलिनॉय व मिनेसोटा या संस्थानांसह जॉन डिअरवर फिर्याद गुदरली. संपूर्ण दुरुस्ती करणारें सॉफ्टवेअर कंपनी केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांच्याच हातीं ठेवते, हा तींतील मुख्य आरोप होता.