कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील नदीपूल

कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधलेल्या मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील कृष्णा व पंचगंगा या नद्यांवरचे दोन पूल. कृष्णेवरील पूल अंकली (ता. मिरज) व उदगाव (ता. शिरोळ) यांच्या दरम्यान, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, पंचगंगेवरील पूल रुकडी व वळिवडे या स्थानकांच्या दरम्यान आहे. मार्गाची लांबी सु. 47 किमी.

स्थान : मिरज कृष्णेच्या डाव्या अंगाला, तर कोल्हापूर पंचगंगेच्या उजव्या तीरावर. मधला सारा मुलूख दोन नद्यांच्या दुआबात मोडतो. त्यामुळे दोन्ही पात्रे ओलांडल्याखेरीज आगगाडी कोल्हापुरात येणे शक्य नव्हते. वारणा नदी मात्र हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि लोहमार्ग त्या संगमाच्या खालच्या बाजूने जातो. म्हणून तिच्यावर वेगळा पूल बांधावा लागला नाही. याचा दुसरा अर्थ असा, की अंकलीच्या पुलाखालून कृष्णा व वारणा या दोन्ही नद्यांचे पाणी जाते.

इतिहास : छत्रपती शाहू महाराज अल्पवयीन असताना, 1888 मध्ये मार्गाचे काम सुरू झाले व 1891 मध्ये वाहतूक खुली झाली. मार्ग मीटरगेज होता. मालकी कोल्हापूर दरबारची असली, तरी गाड्या सदर्न मराठा रेल्वे कंपनी चालवी. 1908 पासून ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. पुण्याहून मिरजमार्गे दक्षिणेला जाणाऱ्या लोहमार्गाशी संस्थान जोडले गेले आणि गुळाच्या व्यापाराला लांबच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापूर स्थानकालगत शाहूपुरी वसवली; पुढे याच मार्गावर जयसिंगपूर हे व्यापारी नगर उभे राहिले. वळिवड्याच्या छावणीत 1943–48 या काळात सु. 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या वस्तीलाही हाच लोहमार्ग जवळचा होता. 1971 मध्ये या मार्गावर ब्रॉडगेज वाहतूक सुरू झाली. सध्या तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे.

पूर व वाहतूक : पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कृष्णा चढली, की पंचगंगेच्या पाण्याला उतार मिळत नाही, तुंबलेल्या पाण्याची फूग मागे सरकते आणि नदीकाठच्या मळ्या पाण्याखाली जातात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी व 43 फूट ही धोका पातळी मानतात. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी हेच आकडे 40 व 45 फूट आहेत. लोहमार्गाची खूण वेगळी असते : पुलाच्या खांबावर रंगवलेली धोक्याची रेघ. पावसाळ्यात रेल्वेचे कर्मचारी तिच्यावर नजर ठेवतात. पाणी चढू लागले, की आधी गाड्यांचा वेग कमी करतात. रेघ गाठली, की गाड्या थांबवतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात रुकडीजवळ पंचगंगेचे पाणी वाढल्याने मिरज–कोल्हापूर वाहतूक बंद ठेवावी लागली. जुलै 2021 मध्येही तीच वेळ आली. अशा वेळी कोल्हापूरच्या गाड्या मिरजेपर्यंतच धावतात आणि 1891 पूर्वीप्रमाणे मिरज हेच कोल्हापूरकरांचे जवळचे स्थानक ठरते.