न्यूनगंड नव्हे, इतिहास

शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षे मी एक वाक्य ऐकत आलो. "त्या पोराला न्यूनगंड आहे हो!" पोरगा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. उत्तर येत असून हात वर करीत नाही. खोलीच्या दाराशी येतो, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहतो आणि "सर, येऊ का?" असे तीनदा विचारतो. मग कोणीतरी चहाचा घोट घेत हे निदान करतो आणि विषय संपतो. बोलणारा दुष्ट नसतो. बहुधा त्याला त्या पोराविषयी कणवच वाटत असते. पण त्या एका शब्दाने तो मोठे काम उरकून टाकतो. बाहेर उभे राहण्याचे कारण तो त्या पोराच्याच मनात ढकलतो. आणि दार, उंबरा व आत बसलेले आम्ही असे सगळे निर्दोष सुटतो.

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. मी इतिहास शिकवला. पण त्या पोराकडे पाहताना मला माझे वडील आठवत. त्यांनी तरुणपणी गावची येसकरकी केली होती. पुढे मला नोकरी लागली, घरात खुर्च्या आल्या. वडील खुर्चीवर बसत, पण काठावर. पाठ कधी टेकवीत नसत. घर मुलाचे, खुर्ची मुलाने विकत आणलेली, समोर पाटील नाही की कुलकर्णी नाही. तरी पाठ टेकत नसे. एकदा मी म्हणालो, "दादा, मागे सरून बसा की." ते हसले. म्हणाले, "असं बसलं म्हंजे लगेच उठता येतं रं."

कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ सालचा. १९५९ पासून तो अमलात आला. कागदावरची येसकरकी त्या वेळी गेली. वडिलांच्या पाठीतली मात्र ते मरेपर्यंत गेली नाही. याला न्यूनगंड म्हणायचे काय? हाक आली की पहिल्या हाकेला उठायचे, हे ज्या शरीराला वर्षानुवर्षे शिकवले गेले, त्या शरीराची ती आठवण होती. म्हणून मला असे वाटू लागले की ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातला पुष्कळसा भाग इतिहास असतो. संकोच, भिडस्तपणा, लाज, उगाच येणारा राग, उगाच मागितलेली माफी या रोजच्या गोष्टी. त्यांना जन्मतारीख असते. त्यांना घडवणारे हातही असतात.

'न्यूनगंड' ही कल्पना ज्या आल्फ्रेड ॲडलरमुळे जगभर गेली, तो व्हिएन्नातला डॉक्टर. लहानपणी तो स्वतः मुडदुसाने आजारी असे. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान आणि दुबळे असते, त्यातून कमीपणाची भावना येते आणि ती भरून काढण्याची धडपड माणूस जन्मभर करतो, अशी त्याची मांडणी. ती खोटी नाही. पण या मांडणीतले मूल प्रामुख्याने घरात आहे. आईबाप आणि भावंडे यांच्यामध्ये आहे. ज्या मुलाला घराबाहेर पाऊल टाकताच अख्खे गाव कमी लेखते, त्याचे काय? मार्टिनिक बेटावर जन्मलेला काळा मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन याने १९५२ साली नेमका हाच मुद्दा उपस्थित केला. काळ्या माणसाचा कमीपणा त्याच्या घरात तयार होत नाही, वसाहतीने तो त्याच्यावर लादलेला असतो, असे त्याने बजावले.

याच्या आधीच अमेरिकेत एका काळ्या जोडप्याने या गोष्टीचा पुरावा गोळा करायला सुरुवात केली होती. मेमी फिप्स क्लार्क आणि केनेथ क्लार्क. मेमीबाईंनी १९३९ साली हॉवर्ड विद्यापीठात काळ्या बालकांच्या स्वतःविषयीच्या जाणिवेवर प्रबंध लिहिला. पुढे दोघांनीही कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, केनेथने १९४० साली आणि मेमीने १९४३ साली. आपल्याला कोलंबिया हे नाव परके नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथेच शिकत होते.

क्लार्क दांपत्याची पद्धत अगदी साधी होती. चार बाहुल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे त्या ठेवल्या. १३४ मुले दक्षिणेतल्या अर्कान्सासमधल्या वेगळ्या शाळांतली आणि ११९ उत्तरेकडच्या, मिश्र शाळांतली. प्रश्नही साधे होते. तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान असेल ती दे. वाईट दिसते ती दे. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली होती. ५९ मुलांनी वाईट म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली होती.

शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी दिसते ती बाहुली दे. आता नुकतीच जिला वाईट म्हटले, तीच बाहुली उचलून 'ही मी' असे म्हणायचे होते. काही मुले इथे रडली. काही खोलीतून निघून गेली. पाच वर्षांचे मूल. त्याला कोणी पोथी वाचून दाखवली नव्हती, कोणी समोर बसवून तू हलका आहेस असे सांगितले नव्हते. तरी त्याला सगळे ठाऊक होते.

१९५१ साली दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन परगण्यातल्या पालकांनी वेगळ्या शाळांविरुद्ध दावा चालवला, तेव्हा केनेथ क्लार्क बाहुल्या घेऊन तिथे गेला. त्याने १६ मुले तपासली. १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली, ११ मुलांनी तपकिरी बाहुली वाईट ठरवली. हा दावा आणि असेच इतर दावे एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. काळ्यांच्या बाजूने थर्गुड मार्शल उभा होता. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला की वेगळी शाळा ही समान शाळा असू शकत नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्रात मुलांच्या मनावर बसणाऱ्या कमीपणाच्या भावनेचा उल्लेख केला आणि अकराव्या तळटीपेत क्लार्कच्या लेखनाचा हवाला दिला. लहान मुलाचे रडणे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहिले, ही घटना लहान नाही.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच टाळ्या वाजवून थांबू नये. या प्रयोगाने काय पाहिले नाही, हेही विचारले पाहिजे. गोरी बाहुली मागण्याचे प्रमाण उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांत उलट अधिकच होते. म्हणजे भिंत पाडून मुले एका वर्गात बसवली की जखम बरी होते, एवढे हे सोपे नव्हते. दुसरे असे की निकालानंतर दक्षिणेत काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो काळे शिक्षक कामावरून गेले. त्या वेगळ्या, गळक्या शाळांमधून ज्यांनी मुलांना ताठ मानेने उभे केले, त्या शिक्षकांची मोजदाद बाहुल्यांच्या प्रयोगात नव्हती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्यामुळे मूल रडले, त्यांचे मन कोणत्या बाहुलीने तपासायचे? वेगळेपणाने गोऱ्या मुलांचेही नुकसान होते, असे समाजशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे लेखी मांडले होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते काळे मूल आणि त्याची 'बिघडलेली' मानसिकता. पीडिताची तपासणी झाली. पीडा देणारा तपासणीच्या टेबलाशी आलाच नाही.

ही तपासणी बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या आठवणी आपण सहसा दुःखाची कहाणी म्हणून वाचतो. मी त्या मानसशास्त्राची टिपणे म्हणून पुन्हा वाचाव्यात असे सुचवतो. १९०१ साल. बाल भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला आगगाडीने निघतात. अंगात नवे कपडे, मनात हौस. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. पोशाखावरून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणाची मुले समजतो आणि आपुलकीने चौकशी करतो. मुले सरळपणे सांगतात, आम्ही महार. त्या क्षणी मास्तरचा चेहरा बदलतो. किळस त्याच्यावर ताबा मिळवते आणि तो आपल्या खोलीत निघून जातो.

बाबासाहेबांनी इथे स्वतःच्या मनाआधी मास्तरच्या मनाची नोंद केली आहे. हाच मनुष्य क्षणापूर्वी माया दाखवत होता. मुले तीच, कपडे तेच, भाषा तीच. बदलला तो एक शब्द, आणि पोटातून किळस वर आली. किळस ही आपल्याला नैसर्गिक भावना वाटते, सडलेल्या अन्नाने येते तशी. पण मसूरच्या फलाटावरची ती किळस नैसर्गिक नव्हती. कोणीतरी ती लहानपणी शिकवलेली होती, आणि इतकी पक्की की तिला विचाराची गरज उरली नव्हती. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान मुलांना स्वतः हाकून नेईना. मुलांनी गाडी हाकली आणि तो बाजूने पायी चालला. आता न्यूनगंड कुणाला होता, ते सांगा! आपल्याच गाडीत बसायला घाबरणाऱ्या माणसाला काय म्हणायचे, यासाठी शिक्षकांच्या खोलीत एकही शब्द नाही.

त्याच रात्री टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून भीमरावांनी गाडीवानाच्या सांगण्यावरून आपण मुसलमान आहोत असे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. 'तुझ्यासारखी दिसते ती बाहुली दे' हाच तो प्रश्न होता, पन्नास वर्षे आधीचा. तहानलेल्या मुलाला स्वतःचे नाव टाकावे लागले. जात नाव, गाव बदलून सांगणाऱ्या आपल्या शहरातल्या भावंडांवर आपण फार चटकन रागावतो. रागावण्यापूर्वी तो टोलनाका आठवावा.

१९६०च्या दशकात मी ज्या शाळेत होतो तिथे शिष्यवृत्तीचा तक्ता भरायचा दिवस यायचा. गुरुजी मोठ्याने म्हणत, "सवलतवाले उभे राहा." बाप, गाव, जात एकेकाला खणखणीत विचारीत. गणितात मी पहिला असे. पण त्या तासानंतर फळ्यावरचे गणित मला सुटत नसे. मला वाटे, माझेच डोके मंद झाले. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांवर केलेला कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मला त्या तासाचा अर्थ कळला. मुलांना आकृतीतून वाट काढण्याचे कोडे दिले होते. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच पुढे गेली. नाव, गाव, बाप, आजा आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा दलित मुले ठळकपणे मागे पडली. मुलांची बुद्धी तीच होती. मधे फक्त हजेरी झाली होती.

मग यावर इलाज काय? मनोधैर्याची व्याख्याने? बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९३६ साली त्यांनी जात ही मनाची अवस्था आहे असे लिहिले, पण त्या मनाला शास्त्रांचा आधार आहे आणि तो आधारच काढला पाहिजे, असेही त्याच ठिकाणी सांगितले. त्याच्या आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला त्यांनी लोकांना आधी निर्भय व्हा आणि मग पाणी प्या असे म्हटले नाही. ते स्वतः तळ्यात उतरले, ओंजळ भरली, आणि मागून हजारोंनी भरली. भीती ओंजळीनंतर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. हेही मला मोठे मानसशास्त्र वाटते. वडिलांच्या पाठीत बसलेली गुलामी उपदेशाने निघणारी नव्हती. शरीराला जे शिकवले ते शरीराच्याच कृतीने पुसावे लागते, आणि एकट्याने नव्हे, चारचौघांच्या साथीने.

म्हणून माझ्या शिक्षक-कार्यकर्ते बांधवांना आणि भगिनींना दोनच गोष्टी सांगतो. मुलाच्या संकोचाला नाव देण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारा. तो कुठे, कोणापुढे, कधीपासून गप्प होतो ते पाहा. आणि त्याच वहीत दुसरे पान मास्तरसाठी राखा. कोणता शब्द उच्चारला की कोणाचा चेहरा बदलतो, याची तारीखवार नोंद ठेवा. आपल्या दुःखाची पुस्तके पुष्कळ झाली. त्यांच्या किळसेचे पुस्तक अजून लिहायचे आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी असाच एक मुलगा दाराशी उभा होता. "सर, येऊ का?" मी या म्हणालो नाही. उठून उंबऱ्यापर्यंत गेलो आणि त्याच्याशी तिथेच उभा राहून बोलू लागलो. बोलता बोलता आम्ही दोघे आत आलो. माझ्या शेजारची खुर्ची मी ओढून दिली. तो बसला, काठावर. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. मार्चपर्यंत येत राहिला. मार्चमध्ये एकदा त्याने पाठ टेकवली. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. माझ्या आले.