एकट्याचं भाडं: मालवण ते गिरणगाव

तारकर्लीला एकटा गेलो, तर रूमचं भाडं दोघांचंच भरावं लागलं. तेव्हा आठवलं, आपल्या पणजोबांच्या पिढीने हा प्रश्न कधीच सोडवला होता.

मालवणातून पोरगा आगबोटीने निघाला की पहिला सवाल: 'मुंबैक जातंस, पण रवतलंस खंय?' उत्तर ठरलेलं: गावची खोली. परळ-लालबागच्या चाळीत गावमंडळ एक खोली घ्यायचं, भाडं सगळ्यांत वाटून. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. गिरणीत पाळ्या, त्यामुळे रात्रपाळीवाला परत येईपर्यंत दिवसपाळीवाल्याची जागा रिकामी! जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशोबाने. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

पण लगेच भारावून जाऊ नका. ही खोली पुरुषांची. तीही आपल्याच गावच्या, बरेचदा आपल्याच जातीच्या. बायको गावी शेत सांभाळायची. १९८२ च्या संपानंतर पगारच थांबले, तशी खोलीतली गर्दीही ओसरली.

आज आपण डॉर्ममधला बेड बुक करतो, तेव्हा गणित तेच असतं: खोली नाही, फक्त झोपण्यापुरती जागा घ्या. फरक एवढाच, की आता दारात कुणी 'गाव कुठलं?' विचारत नाही. आणि आजारी पडलात, तर पेज करून देणाराही शेजारी नसतो.