जनावरांच्या रोगांचा माग कत्तलखान्यात कसा लागतो?

देशातल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन प्रत्येक जनावर तपासणं खर्चिक असतं आणि बहुतेक वेळा अशक्यच. पण मांसासाठी पाळलेली जनावरं शेवटी कत्तलखान्यात येतात. त्यामुळे तिथली तपासणी मांस खाण्यायोग्य आहे की नाही हे तर सांगतेच, शिवाय कोणत्या भागात कोणता रोग आहे याचीही खबर देते.

तपासणी कशी होते?

कत्तलीपूर्वी जनावर लंगडतंय का, तोंडात किंवा खुरांवर फोड आहेत का, हे पाहतात. कत्तलीनंतर फुप्फुसं, यकृत आणि लसिका ग्रंथी तपासतात. क्षयरोग झालेलं जनावर बाहेरून धडधाकट दिसू शकतं, पण ग्रंथी कापल्यावर आत गाठी सापडतात. संशयास्पद गाठ प्रयोगशाळेत जाते आणि टॅगवरून मूळ कळप शोधला जातो.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव

ऑस्ट्रेलियाने गुरांमधला क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस संपवण्यासाठी १९७० मध्ये मोहीम सुरू केली. कळपांची चाचणी करून बाधित जनावरं काढून टाकली. कत्तलखान्यात गाठ सापडली की शेपटीच्या टॅगवरून थेट ते फार्म गाठता येई. ३१ डिसेंबर १९९७ रोजी देश या क्षयरोगापासून मुक्त जाहीर झाला.

ब्रिटनमध्ये काय घडलं?

१९ फेब्रुवारी २००१ रोजी एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या अंगावर फोड दिसले. दुसऱ्याच दिवशी लाळ्या खुरकूत असल्याचं निश्चित झालं. तपास नॉर्थंबरलँडमधल्या एका वराहपालन केंद्रापर्यंत पोहोचला. पण तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून विषाणू दूरवर पसरला होता. त्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली.

मर्यादा कोणत्या?

कत्तलखान्यात रोग सापडतो तेव्हा तो कळपात आधीच शिरलेला असतो. सुरुवातीच्या अवस्थेतला संसर्ग नजरेतून सुटू शकतो. आणि टॅग नसेल, तर रोग कळतो, पण गाव कळत नाही.

भारतात गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी क्रमांकाचे टॅग लावले जातात. मात्र महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळूंच्या कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे त्यांच्यातले रोग शोधायला गोठ्यातली चाचणी, दुधाचे नमुने आणि पशुपालकाने वेळेवर दिलेली माहिती यांवरच भर द्यावा लागतो.